मूद काही पडेना

आमच्या घरात ‘जेवलास का’ असं कुणी विचारत नाही, ‘भात खाल्लास का’ असं विचारतात. आई राजापूरकडची. लहानपणी सकाळी पेज, दुपारी भात-कढी आणि रात्री पुन्हा भात यावर वाढलेली. लग्नानंतर ठाण्यात येऊन तिला पन्नासएक वर्षं झाली, पण चपातीला तिच्या लेखी अजून पाहुणीचाच मान आहे. तिच्या हाताखाली वाढलेला मीही तसाच. चार चपात्या खाल्ल्या तरी शेवटी वरण-भात, वर तूप, बाजूला लिंबाची फोड, एवढं पोटात गेल्याशिवाय ताटावरून उठायचं मन होत नाही.

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझा एचबीए१सी ६.२ आला. मागच्या तीनेक महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, ते या तपासणीत कळतं. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ पासून मधुमेह, आणि मधला सगळा भाग उंबरठा. मी त्या उंबरठ्यावर निम्म्याहून पुढे गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, “सध्या गोळी नको. भात किती खाता?” मी म्हणालो, “थोडासाच.” शेजारी बायको बसली होती. तिने हिशेब मांडला, “दुपारी डब्यात दोन वाट्या, रात्री दोन. रविवारचं आम्ही मोजत नाही.”

माझ्यासारखे पुष्कळ आहेत, हे नंतर वाचलं. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १० कोटींच्या वर आणि उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर निघाले. एवढी सोबत असूनही दिलासा मिळाला नाही. माझे वडील याच आजाराने गेले. त्यांचं ग्लुकोमीटर अजून कपाटात होतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्री मात्र माझ्या ताटात नेहमीपेक्षा एक डाव भात जास्तच पडला.

फ्लॉवरची कल्पना मुलीची. तिच्या मोबाइलवर कुणीतरी फ्लॉवर बारीक करून भातासारखा वाढत होतं. दिसायला अगदी बासमती. मी आकडे पाहिले. १०० ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये ५ ग्रॅम, आणि त्यातलेही २ ग्रॅम तंतू, म्हणजे चोथा. पाचपटीचा फरक! ‘करून बघू’ म्हटलं. बायको म्हणाली, “बघ की. पण तूच कर. मी दोन-दोन स्वयंपाक करणार नाही.” तेव्हा पुढचे सगळे उद्योग माझे, आणि दोषही माझेच.

नोव्हेंबर म्हणजे फ्लॉवरचा हंगाम. जांभळी नाक्याच्या मंडईत पांढरे ढीग लागलेले असतात आणि संध्याकाळी उशिरा गेलं तर गड्डा हातात कोंबतात. पहिल्याच दिवशी मी दोन आणले. तांदूळ कुकरला लावतात, मग फ्लॉवरही कुकरलाच लावावा, असं माझं सरळ डोकं. तुरे सोडवले, धुतले, डब्यात घातले, दोन शिट्ट्या. कुकर उघडला आणि घरभर असा वास सुटला की मुलीने गॅस गळतोय का ते बघितलं. डब्यात पाणी, पाण्यात पांढरा लगदा. आई डोकावली. “पेज केलीस होय रे?”

हा वास पुढे बरेच दिवस माझ्या मागे होता, म्हणून त्याचं सांगतो. कोबी-फ्लॉवरच्या कुळात गंधक असलेली द्रव्यं असतात. फ्लॉवर चिरला, शिजवला की ती फुटतात आणि जितका जास्त वेळ शिजवाल तितका वास वाढत जातो. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत उरकलं तर नाक तक्रार करत नाही. पंधरा मिनिटं झाकून शिजवला तर समोरच्या फ्लॅटमधले काकाही विचारतात.

दुसऱ्या दिवशी मिक्सर. धुतलेले ओले तुरे भांड्यात गच्च भरले आणि फिरवले. खाली चटणी, वर सुपारीएवढे तुकडे, मध्ये मोजके दहा-वीस दाणे भाताच्या रूपाचे. नंतर लक्षात आलं की मिक्सर चालतो, पण त्याच्या अटी आहेत. तुरे खडखडीत कोरडे हवेत, भांडं तिसरा हिस्साच भरायचं, बटण सलग न फिरवता नुसतं तीन-चारदा टुकटुक करायचं आणि दर वेळी भांडं हलवायचं. एका गड्ड्याचे असे पाच-सहा घाणे होतात. सकाळी ७.४० ची गाडी धरायची असताना हे कुणी करावं!

मग किसणी. खोबरं किसायची बारीक नाही, गाजर हलव्याची मोठ्या भोकांची. गड्ड्याचे चार भाग करायचे, देठ हातात धरायचा आणि तुऱ्याची बाजू किसणीवर फिरवायची. दाणा सुंदर पडतो. थोडा परातीत पडतो, थोडा ओट्यावर, थोडा शर्टवर, आणि दोन दिवसांनी फ्रिजच्या मागेही सापडतो. गड्डा मात्र घट्ट आणि वजनाला जड हवा. जुना झालेला गड्डा वरून रवाळ, सुटलेला दिसतो, तो किसला की दाणे न पडता भुकटी होते. ८०० ग्रॅमच्या गड्ड्यातून पाला आणि जाड दांडा काढल्यावर माझ्या काट्यावर ५०० ग्रॅमच्या आसपास उरला. परतून पाणी उडालं की त्याचा ३५० झाला. दोन माणसांचं एक जेवण.

खरी लढाई मात्र पाण्याशी. फ्लॉवरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. त्यात आपण तो धुतो. धुवायला तर हवाच, कारण आतल्या अळ्या मिठा-हळदीच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवल्याशिवाय बाहेर येत नाहीत. माझी चूक ही की मी किसल्यावर धुवायचो. आता अख्खे मोठे तुरे रात्रीच मिठाच्या पाण्यातून काढतो, चाळणीत निथळतो आणि पंचावर पसरून ठेवतो. सकाळी किसायचा. तरीही ओलसर वाटला तर पंचातच पुरचुंडी बांधून हलकेच पिळायचा, चक्क्यासारखा. पहिल्यांदा जोर लावून पिळला तेव्हा पाऊण वाटी पाणी निघालं, मला फार आनंद झाला, आणि खाताना लाकडाचा भुसा खाल्ल्यासारखं वाटलं.

कढईतही तेच. झाकण ठेवलं की संपलं, वाफ आतच राहते आणि भाताचा उपमा होतो. पसरट भांडं, मोठी आच, चमचाभर तेल, किस पसरून मिनिटभर हातही लावायचा नाही, मग उलथायचा. पाच-सहा मिनिटांत तळाला एखादा दाणा बदामी व्हायला लागला की गॅस बंद. मीठ अगदी शेवटी. मी आधी घालत होतो. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं हे शाळेत शिकलेलो, पण परातीतल्या काकडीला लागू होतं ते कढईतल्या फ्लॉवरलाही लागू होतं, हे डोक्यात यायला चौथा दिवस उजाडला. आणखी एक फसवणूक झाली लोखंडी कढईमुळे. ‘लोखंडाची कढई चांगली’ म्हणून हौसेने घेतलेली. तिच्यात फ्लॉवर मळकट राखाडी झाला. फ्लॉवरमधली काही द्रव्यं लोखंडाशी जमवून घेत नाहीत. तेव्हापासून स्टीलची, आणि परतताना चार थेंब लिंबू. रंग पांढरा राहतो.

आठवड्याभराने मी दाणा, वास, पाणी, रंग, सगळं जिंकून ताटात वाढून घेतलं. आईने सवयीने वाटी घेतली, त्यात ते दाबलं आणि ताटात उपडी केली. वाटी उचलली. मूद पसरली. पुन्हा दाबलं, पुन्हा पसरली. तिसऱ्यांदा तिने वाटी बाजूला ठेवली.

“मूद काही पडेना,” ती म्हणाली. “हा भात नव्हे.”

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. तांदळाचा दाणा म्हणजे बहुतांशी पिष्ट. शिजताना ते फुगतं, चिकट होतं, दाण्याला दाणा धरून ठेवतं, आणि वरण पडलं की तेही शोषून घेतं. फ्लॉवरमध्ये पिष्ट जवळजवळ नाहीच. कर्बोदकं कमी आहेत ते म्हणूनच. जे टाळायला आपण फ्लॉवर घेतला, तेच भाताला भातपण देत होतं. मी वरण ओतलं तर ते दाण्यांमधून सरळ खाली गेलं आणि ताटभर पसरलं. वर फ्लॉवर कोरडा, खाली वरणाचं तळं, त्यात तुपाचे डोळे. कालवायला गेलो तर बोटांत काही येईना. शेवटी चमचा घेतला. आमच्या घरात वरण-भात चमच्याने खाणारा मी पहिला माणूस.

पुढचे काही दिवस वरण घट्ट करून पाहिलं, पिठल्याबरोबर पाहिलं, तूप वाढवून पाहिलं. आमसुलाचं सार घातलं, ती तर पूर्णच चूक होती. मोबाइलवरचे लोक ‘कळणारही नाही’ म्हणतात. ज्यांनी मुळात कधी तूप-मेतकूट-मऊभात खाल्ला नाही त्यांना कळत नसेल कदाचित. वरण-भाताला पर्याय नाही, आणि फ्लॉवरवर ती जबाबदारी टाकणं हा फ्लॉवरवरही अन्याय आहे.

एवढ्यात डब्याचं प्रकरण झालं. माझं ऑफिस रबाळ्याला. सकाळी गरमागरम परतलेला फ्लॉवर डब्यात भरला, झाकण घट्ट लावलं, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने गेलो. एक वाजता डबा उघडला. पाच तासांहून जास्त स्वतःच्याच वाफेत बसलेल्या त्या फ्लॉवरचा वास एसीने मजलाभर फिरवला. शेजारच्या सहकाऱ्याने खिडकीकडे बघितलं, पण आमच्या ऑफिसातल्या खिडक्या उघडत नाहीत. त्यानंतर डब्याचा फ्लॉवर पंख्याखाली पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लागत नाही, आणि फोडणीत हिंग-कढीपत्ता सढळ असतो.

त्या फोडणीनेच वाट दाखवली. एका रात्री साधा परतलेला फ्लॉवर उरला होता. सकाळी आई ज्या पद्धतीने शिळ्या भाताला फोडणी देते तशीच दिली. तेलात मोहरी, हिंग, हळद, शेंगदाणे खमंग, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा. मग फ्लॉवर घालून मोठ्या आचेवर तीन मिनिटं. वर कोथिंबीर आणि लिंबू. मुलगी येता-जाता दोनदा चमचा मारून गेली. इथे मूद पडायची गरजच नव्हती. उलट फोडणीचा भात मोकळा असला तरच चांगला, आणि फ्लॉवरइतका मोकळा दुसरं कोण!

मग मसालेभात. यात अक्कल एवढीच की तोंडली आणि मटार आधी वेगळे शिजवून घ्यावे लागतात. तांदळाच्या मसालेभातात सगळं एकत्र शिजतं, इथे फ्लॉवरला पाच मिनिटं आणि तोंडल्याला पंधरा. म्हणून तोंडली तेलावर झाकून मऊ करायची, गोडा मसाला, धने-जिऱ्याची पूड, काजू तिथेच घालायचे, आणि फ्लॉवर शेवटी, मोठ्या आचेवर. वरून ओलं खोबरं. गोडा मसाला फ्लॉवरच्या वासाला पुरता गिळतो. दहीभातही जमला. फ्लॉवर पूर्ण गार, दही घट्ट, वर तुपात तळलेली सांडगी मिरची कुस्करून. त्या दिवशी आईने पुन्हा वाटी उपडी केली आणि मूद पडली. “दह्याची पडली,” ती म्हणाली, “फ्लॉवरची नव्हे.” पण तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

पोटाचंही सांगायला हवं. पहिल्या आठवड्यात रोज दोन वेळा हे खाल्लं आणि पोटाचा नगारा झाला. फ्लॉवर मुळातच वातूळ. एक वेळ केला, ओवा-हिंग वाढवलं, आठ-दहा दिवसांत पोट सरावलं. दुसरी गोष्ट भुकेची. १०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये २५ कॅलरी, भातात १३०. पोट भरतं पण टिकत नाही. डब्यात नुसता फ्लॉवर नेला की चार वाजता मी ऑफिसखालच्या वडापावच्या गाडीवर उभा. पाव खाऊन भात टाळण्याला काही अर्थ नाही, हे कळायला एचबीए१सी लागत नाही. मग सोबत मटकीची उसळ, कधी दोन उकडलेली अंडी, कधी पनीर, दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर असं सुरू केलं, तेव्हा संध्याकाळ सरळ झाली.

वडिलांच्या ग्लुकोमीटरला नव्या पट्ट्या आणल्या. दोन वाट्या भात आणि वरण खाल्ल्यावर दोन तासांनी १६८. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फ्लॉवरचा मसालेभात आणि मटकीची उसळ खाऊन १२१. एका माणसाची दोन दिवसांची मोजणी, तिला यापेक्षा जास्त किंमत नाही. पण आकडा डोळ्यांनी पाहिला की हात आपोआप आवरतो. मी गोळ्या घेत नव्हतो म्हणून हे खेळ केले. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना न विचारता भात एकदम बंद करू नये. औषध तेवढंच राहिलं आणि कर्बोदकं घटली तर साखर नको तितकी खाली जाते.

तो १६८ चा आकडा आईने पाहिला होता. मी पट्टी फेकत असताना ती म्हणाली, “तुझ्या बाबांना मी शेवटपर्यंत भात वाढला. मागायचे रे.” आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर ती मालिका बघत विळीवर फ्लॉवर चिरत बसलेली. तुरा देठाशी धरून पातीवर इतका बारीक की खाली ठेवलेल्या परातीत कणीसारखा ढीग झाला होता. मी म्हटलं, “अगं, किसणी आहे ना.” “किसणी चेंगरते,” ती म्हणाली. “चेंगरलं की पाणी सुटतं.” खरोखरच तिच्या चिरलेल्या फ्लॉवरला पंचा लागला नाही, पिळावा लागला नाही. महिनाभर मी पाण्याशी लढत होतो आणि उत्तर ओट्याखाली दुमडून ठेवलेलं होतं. तेव्हापासून चिरायचं खातं तिच्याकडे. पाला आणि कोवळे देठही तिने कचऱ्यात जाऊ दिले नाहीत, त्यांची हरभऱ्याची डाळ घालून भाजी होते. फ्लॉवरबद्दलचं मत मात्र तिने बदललेलं नाही. तिच्या लहानपणी गावात ही भाजी कुणी पाहिलेली नव्हती. मुंबईकर सुट्टीला येताना पिशवीतून आणायचे. फ्लॉवर भारतात आला तोच इंग्रजांच्या काळात, १८२२ च्या सुमारास सहारनपूरच्या कंपनी बागेत लावून पाहिला होता, असं मी तिला सांगितलं. “तेच म्हणते मी,” ती म्हणाली, “साहेबाचा भात.”

मार्चमध्ये पुन्हा तपासलं. ५.९. सगळं श्रेय फ्लॉवरला देता येणार नाही. त्या चार महिन्यांत चहातली साखर गेली होती, आणि रात्री जेवल्यावर मासुंदा तलावाला दोन फेऱ्या होत होत्या. भात पूर्ण सुटलेलाही नाही. रविवारी दुपारी वाडा कोलमची एक वाटी, मोजून, वरण-तूप-लिंबासकट, हाताने कालवून खातो. ती एक वाटी मी हल्ली इतकी सावकाश खातो की सगळ्यांचं आवरून होतं.

आता जुलै लागलाय. जांभळी नाक्यावर फ्लॉवर पाव किलोच्या भावाने सांगायला लागलेत, त्यात पावसाचा माल काळपट, अळ्याही जास्त. मागच्या आठवड्यात दुधी किसून पाहिला. त्याचं सरळ सूप झालं. परवापासून कोबी. त्यातही कर्बोदकं फ्लॉवरच्याच जवळपास, पाणी त्यामानाने कमी सोडतो, पण दाणा न पडता चपटे तुकडे पडतात आणि गोडसर लागतो. आईचं म्हणणं, मी जाड चिरतो. अर्धा गड्डा तिने दुपारीच चिरून झाकून ठेवलाय. आज रात्री गोडा मसाला न घालता नुसती मिरची-खोबऱ्याची फोडणी देऊन बघणार आहोत.